सातवा अंक

खराडीत रात्री साडेनऊला माझा दिवस उजाडतो.
डबा ड्रॉवरमध्ये, मोबाईल बाहेर लॉकरमध्ये,
आणि स्क्रीनवर ओहायोतली एक बाई
जिचं नाव मला माहीत आहे
आणि सांगता येत नाही.

८६८५०: रक्तात अँटिबॉडी आहे का.
८६८७०: आहे, तर कुठली.
८६८८६: किती.
रक्त मी कधी पाहत नाही, त्याचे आकडे येतात,
रात्रीला एकशे दहा क्लेम,
चुका पाच टक्क्यांच्या आत.

तिचे जानेवारीपासून येतायत.
एकास आठ.
पंधरवड्याने एकास सोळा.
मग पुन्हा सोळाच, तेव्हा मी तबस्सुमला म्हटलं, थांबलं बघ.
तिने हेडफोन काढून विचारलं, काय, सर्व्हर?

आज तिचा क्लेम परत आलाय.
कारण क्रमांक पन्नास: वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही.
कुणीतरी घाईत निदानाच्या रकान्यात
नेहमीची तपासणी असं टाकलं होतं.
नेहमीच्या तपासणीला
दर पंधरवड्याला कोण दंड पुढे करतं?

आमच्या घरी हे सगळं एका शब्दात मावलं होतं.
नाना पेठेतल्या प्रसूतिगृहाचं सत्त्याहत्तर सालचं बिल,
निळ्या शाईत: खाट, बाळंतपण, औषधे,
आणि खाली, किरकोळ, बावीस रुपये.
आई म्हणते, ते किरकोळ म्हणजे तुझा भाऊ.
दीड दिवसाचा. हळकुंडासारखा.
त्याच्या आधीची ताई ठणठणीत,
पण तिच्या वेळीच आईच्या रक्ताने
बाबांचं रक्त ओळखून ठेवलं होतं.
बाई विसरते पुष्कळ.
रक्त डूख धरतं.

एक इंजेक्शन असतं, डॉक्टर नंतर म्हणाले.
नंतर.

त्याच्या पाठचाही तसाच गेला. त्याचं बिल सापडत नाही.

मग मी.
मला म्हणे रोज सकाळी उन्हात धरून
डोळ्यांतलं पांढरं बघायचे, नखं बघायचे,
आत्या तर तळपाय दाबून बघायची.
मी पिवळी झालेच नाही.
माझं रक्त आईच्याच वळणाचं, निगेटिव्ह,
तिला माझ्यात परकं काही सापडलं नाही.

मी निदान दुरुस्त करते.
ओ, तीन, सहा, शून्य, एक: आईच्या रक्तापासून बाळाला जपणे
(पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं नाही).
सहावा अंक तिमाहीचा. दोन.
सातवा अंक, गर्भ कितवा.
जुळ्यांतल्या पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन,
एकटाच असेल तर शून्य.
ट्रेनिंगमध्ये मी हात वर केला होता,
सर, एक असताना शून्य का?
सर म्हणाले, मॅडम, पाठ करा.

शून्य टाकते.
अपील पाठवते. खाली नवा रिपोर्ट जोडलेला,
एकास बत्तीस.

बत्तीसच्या पुढे माझं काम संपतं.
पुढे सोनोग्राफी, बाळाच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग,
ते क्लेम पाचव्या मजल्यावर जातात.
पाचव्या मजल्यावरचा हरपळे माझ्याच कॅबमध्ये असतो,
फुरसुंगीला उतरतो.
त्याला विचारायचं नसतं. मुंढव्याच्या पुलावर
तो जांभई देतो आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते,
जणू तिथून काही बाहेर पडणार आहे.

गाडीतळाला उतरते तेव्हा सहा वाजलेले.
आई गॅसपाशी. पाठमोरीच विचारते,
किती झाले आज?
एकशे नऊ.
आणि एक?
एक राहिला.

ती आधण खाली उतरवते,
चिमट्यातलं पातेलं क्षणभर तसंच धरून.

राहू दे, म्हणते.