त्रयस्थ

हितेन भारंबे सगळं मोबाइलवरच करतो,
माझ्यासाठी मात्र कागद काढून आणतो, मोठ्या अक्षरांत.
"काका, आज रात्री अकरा एकोणसाठला संपते."
हे मला आवडलं.
बाराला म्हणाला असता तर
कोणत्या तारखेचे बारा, ते विचारावं लागलं असतं.
अडतीस वर्षं भुसावळ डिव्हिजनला इंजिन चालवलं,
वेळापत्रकात रात्रीचे बारा आम्ही कधी लिहिले नाहीत.

गाडी ओट्याशी उभी.
दीपनगरची राख सकाळी पुसली, दुपारी पुन्हा बसली.
बॉनेटवर कुणीतरी बोटानं लिहून गेलंय: धुवा.
चौदा वर्षांत तिची किंमत
एक लाख आठ हजारांवर आली, कागदावर.
झिरो डेप आता बसत नाही म्हणे, वय झालं तिचं.
माझं वय कुठल्या रकान्यात आहे, मी शोधतो.
नॉमिनीच्या वर, नुसती जन्मतारीख.
तिच्यानं हप्ता वाढत नाही, उतरत नाही.
एकाहत्तर.
कंपनीला माझ्या मोतीबिंदूचं काही नाही.

कुमुदला आहे.
कळण्याच्या पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात येते:
"पूरा काढा. तुमच्या डोयाले रातचं दिसत नाही.
मागच्या साली फाटकाचा खांब दिसला व्हता का?"

नव्हता दिसला.
डाव्या दरवाजाचा रंग तेव्हापासून जरा फिका आहे.
यासीन डेंटरला बावीसशे रोख दिले, क्लेम केला नाही,
कारण पन्नास टक्के नो क्लेम बोनस
मी लग्नातल्या पितळी हंड्यासारखा ठेवलाय.
वापरायचा नाही, घासायचा.

हितेन पेनानं दोन गोल काढतो.
सहा हजार चारशे अकरा: चोरी, आग, खांब,
इंजिनात पाणी शिरलं तर तेही,
वाटेत बंद पडली तर ओढून आणायची सोय.
दुसरा, अडीच हजारांच्या आत: फक्त थर्ड पार्टी.
"म्हणजे गाडीचं काहीच नाही, काका.
समोरच्याचं तेवढं."

समोरचा.

एकोणनव्वद साल, दुसखेड्याच्या अलीकडे.
डोक्यावर केळीच्या पानांचा भारा घेऊन एक जण रुळांत,
पाठमोरा.
मालगाडीला ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटर जातो.
शिट्टीवरचा हात मी शेवटपर्यंत काढला नाही.
मेमोत वेळ लिहिली, किलोमीटरचा दगड, इंजिनचा नंबर.
नावाच्या जागी: अनोळखी इसम.
मग गार्डानं हिरवा दाखवला.
चौकशीत माझी चूक निघाली नाही.
चेहरा मी पाहिलाच नव्हता.
भारा आठवतो. पानं ओली होती.

"हितेन, हा तिसरा कोण असतो रे?"
"पहिले तुम्ही, दुसरी कंपनी, तिसरा कुणीही.
त्याचं नाव लागत नाही, काका."

मी दुसऱ्या गोलावर बोट ठेवतो.
"बोनस जाईल. नव्वद दिवस उलटले की शून्यापासून."
जाऊ दे.
वर्षाला अकराशे किलोमीटर, डोळ्यांचा डॉक्टर आणि बाजार,
त्यात पत्रा चेपला तर चेपला.
मालक-चालकाचे पंधरा लाख तेवढे राहू दे,
नॉमिनी कुमुद हेमराज झांबरे.
कुमुद काही बोलत नाही.
आतून भाकरी करपल्याचा वास येतो.

अंधारात गाडी काढायची नाही,
हे कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय मी, कॉशन ऑर्डरसारखं:
सूर्यास्त ते सूर्योदय, वेग शून्य.
याचा हप्ता कुणी मागितलेला नाही.

हितेन पावती देतो, स्कूटर काढतो.
हेल्मेट आरशाला लटकलेलं.
"डोक्यात घाल ते," मी ओट्यावरून ओरडतो.
तो मागे न बघता हात वर करतो,
हो म्हणाला की नाही, कळत नाही,
आणि सावद्याकडून आलेल्या केळीच्या ट्रकाआड
दिसेनासा होतो.