ग्वास्कास

पहिल्या दिवशी ग्लेनिस बोटाने दाखवते:
हे उपटायचं. मुळासकट. शेंडा तोडून फसवायचं नाही.
ती त्याचं नाव सांगते,
मला ते 'शूर शिपाई' असं काहीतरी ऐकू येतं,
म्हणून मी वाकून बघते
तर मसुरीएवढं फूल,
पाच पांढऱ्या पाकळ्या एकमेकींपासून फटकून,
दुधाचे दात पडत असलेलं पोर
हसावं तशा.

मी ओळख दिली नाही.
आपल्या गल्लीतला माणूस परक्या शहरात
पोलिसांच्या गाडीत बसलेला दिसावा
आणि हात हलवावा की नाही ते कळू नये,
तसं झालं.

केंट परगणा, प्लॅस्टिकचा बोगदा नंबर सात.
लेट्यूसच्या अठरा रांगा, आणि रांगांमधून हे,
कोणी बोलावलेलं नसताना पंगतीत बसल्यासारखं.
स्तोयांका माझ्या पुढच्या रांगेत.
तिच्या गावीही हे उगवतं, बल्गेरियात.
"सशांना आवडतं," म्हणते, आणि पोतं ओढते.
आठ आठवड्यांत उगवून, फुलून, बी सांडून मोकळं.
तुटलेलं पेर ओल्या मातीवर राहिलं
तर तिथूनच पुन्हा पाय रोवतं.
हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

रविवारी फोन. तिकडे दुपार.
आई बटाट्याच्या वावराच्या कडेला, ढगात,
समुद्रापासून पावणेतीन हजार मीटर वर,
एप्रनच्या ओच्यात तेच खुडत बसलेली.
"उपटायचे पैसे देतात तुला?"
"तासावर."
"आणि उपटून काय करतात?"
"फेकतात."
एर्मेन्सिया इतकी हसली
की कोंबड्या फडफडल्या ते मला इथे ऐकू आलं.
"फेकायला एवढे देतात, तर खायला किती देतील, विचार."

मग गप्प. वारा नुसता.
मग म्हणाली, "अबेलिनोपण फवारतो आता.
व्यापाऱ्याला वावर स्वच्छ लागतं.
मी चालत ओढ्यापर्यंत येते,
तिथे अजून आहे."

त्या आठवड्यात मी चार मुठी जॅकेटच्या खिशात आणल्या.
ताज्या पाल्याला वास येत नाही, हिरवट काहीतरी येतं.
कॅरॅव्हॅनच्या हीटरवर वर्तमानपत्र पसरलं,
त्यावर पाला,
आणि तिसऱ्या रात्री
झोपेत मला आमच्या चुलीपाशी कोणीतरी हाक मारली.
उठून बघते तर वासच होता.

तीन जातींचे बटाटे लागतात:
एक धरून ठेवायला, एक फुटायला,
आणि पिवळा, छोटा, जो सगळा विरघळून रस्सा होतो.
इथला बटाटा विरघळत नाही.
शिजला तरी शेवटपर्यंत आपला बटाटाच.
कोंबडी घातली, कणीस मोडून घातलं,
साय डब्यातली, केपर्स बाटलीतले.
पाला चुरून शेवटी, आच कमी करून,
झाकण ठेवलं आणि दोघी गप्प बसलो.
स्तोयांकाने एक चमचा घेतला.
दुसरा घेतला.
"ससे मूर्ख नव्हते," म्हणाली.

दारावर ग्लेनिस आली ती
हीटरच्या तक्रारीसाठी. वास कसला, विचारलं.
मी वाटी पुढे केली.
तिने उभ्यानेच संपवली, रस्सा पिऊन,
हाताच्या पाठीने ओठ पुसले
आणि म्हणाली, "मीठ थोडं कमी आहे.
उद्या सात नंबर पुन्हा करा,
तुम्ही नीट उपटलेलं नाही."

नीट उपटते मी. मुळासकट.
मोजे मात्र संध्याकाळी
बोगद्याच्या दाराशीच झटकते,
सवय आहे.