गवताचा गोल

सेव्ने याप्तिकनं स्लेज थांबवली
गवताच्या एका गोल ठिपक्याशी.
"इथं आमचं कातड्यांचं चूम होतं," म्हणाली,
"चाळीस उन्हाळ्यांमागं."

आजूबाजूला सगळं राखाडी, घोट्याखालचं:
बोटभर उंचीचं वाळुंज (झाडच ते,
वयानं माझ्या बापाएवढं)
आणि रेनडिअर ज्याच्यावर हिवाळा काढतात ते शेवाळं,
आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाची लांबची बहीण,
वर्षाला तांदळाच्या दाण्याएवढीही वाढत नाही.

फक्त इथं गवत पोटरीपर्यंत.
चुलीची राख, माशांचे काटे,
उकळून उकळून फेकलेला चहाचा चोथा,
एका बाळंतपणाचं पाणी;
गोठलेल्या जमिनीनं वीतभर तोंड उघडून
तेवढं खाल्लं,
आणि विसरली नाही.

पलीकडं दोन लांब चर.
वायू शोधायला आलेल्यांचा ट्रॅक्टर
एकदाच गेला होता, त्याच साली.
तेही विसरली नाही.
चरांत पाणी, पाण्यात चिमणीएवढा पक्षी
स्वतःभोवती गरगर फिरत डासांची पिल्लं टिपतोय.
त्याला काय, दोन्ही खुणा सारख्याच.

नातू इल्को विचारतो, मुक्काम इथंच?
ती मान हलवते. नाही.
वाकून गवतात काहीतरी चाचपते,
सापडत नाही;
किंवा सापडतं, आणि ती सांगत नाही.

मग लांब काठीनं पुढच्या रेनडिअरला डिवचते.
कळप हलतो,
पायांचे सांधे कटकट वाजतात,
हजार म्हाताऱ्यांनी एकदम
कुणाच्या तरी नावानं बोटं मोडावीत तसे.