एकसष्टी

सुनेनं एकसष्ट दिवे लावले.
त्रिशला म्हणाली, एवढं तेल.
संध्याकाळी कुपवाडहून कारखान्यातली पोरं आली,
एका मोटारसायकलवर तिघं.
मुबारक नदाफनं खिशातून काहीतरी काढलं
आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.
सुरी हातोहात देत नाहीत,
हे त्याला त्याच्या आईनं शिकवलेलं,
मला माझ्या.

मिटली की मुठीत मावते.
डायच्या उरल्या तुकड्यातली, डी-टू.
"काका, एकसष्ट आलीय," मुबारक म्हणाला,
"तीन जागी मोजली."
रॉकवेलचा काटा खोटं बोलत नाही,
माझ्या जन्मतारखेबद्दल मात्र आई आणि शाळा
कधी एकमत झाले नाहीत.

चौतीस वर्षं त्याच भट्टीपुढं उभा होतो.
लोकांच्या डाय, लोकांचे पंच,
हजार वीस अंशांवर संत्र्याच्या रंगाला आले की बाहेर.
घरी एक खिळासुद्धा आणला नाही.

पोलादाला पाणी देतात म्हणतात.
हिला पाणी दिलेलं नाही,
ही उघड्या हवेत निवते
आणि निवता निवता कठीण होते.
मग पुन्हा भट्टीत, दोनशेवर, दोन तास, दोनदा.
नाहीतर काचेसारखी तडकेल.
नुसतं कठीण असून भागत नाही,
हे मी पोरांना रोज सांगायचो.
घरी सांगायला वेळ झाला नाही.

आता रविवारी ओसरीवर पेपर पसरतो.
सांध्याचा स्क्रू चांदणीच्या खाचेचा,
त्याची चावी आख्ख्या गणपती पेठेत मिळाली नाही,
मुबारकनंच घासून आणून दिली.
बेदाण्याची साखर सांध्यात जाऊन बसते,
ती कापसानं काढायची.
शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.
दुसरा थेंब म्हणजे हावरेपणा.
पेरू चिरला की लगेच पुसायची,
कारण स्टेनलेस म्हणवून घ्यायला
हिला क्रोमियम दीड टक्का कमी पडलं,
आमच्या धाकट्याचा फर्स्ट क्लास हुकला तसं.

मेहुणा जिनगोंडा तासगावला घेऊन गेला, सुतळी तोडायला.
आणून दिली तेव्हा टोक नव्हतं.
मांडवाची तार होती म्हणाला. थोडीशीच.
मी काही बोललो नाही.
त्रिशला आतून बघत होती, मी बोलतो का.

मिरजेत रमजान शिकलगारकडं गेलो.
त्यानं पातं उजेडात धरलं,
नखावर टेकवलं, चाक फिरवलं,
आणि चाक थांबवलं.
"मगदूमसाहेब, माझ्या चाकावर ही निळी पडंल.
निळी पडली की मेली.
घरी बसून करा. हातानं."
पैसे घेतले नाहीत. चहा मात्र त्यानंच पाजला.

चार रविवार.
हिऱ्याच्या भुकटीची पट्टी, वर थोडं पाणी,
पाठ वर, धार खाली, कोन मनगटात धरून.
पोलाद हट्टी. मनगट त्याहून नाही.
पहिल्या रविवारी काहीच झालं नाही.
दुसऱ्या रविवारी बोट कापलं,
त्रिशलानं हळद लावली,
म्हणाली, धार आली म्हणायची.
नव्हती आली. ते माझं लक्ष गेलेलं.
चौथ्याला जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर फिरवली,
डाव्या हातावरचे केस
पिकलेले सगळे, न ओढता निघाले.
महिनाभर तो हात लहान पोरासारखा गुळगुळीत होता.

टोक काही परत आलं नाही.
पातं अर्ध सूत आखूड झालं,
नवं टोक जरा बसकं आहे,
पण ते मी काढलेलं आहे.

काल जिनगोंडा आला.
सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली.
त्यानं नव्या बेदाण्याची पेटी आणलेली,
पट्टी घट्ट, नखानं तुटेना.
"ती कुठाय," म्हणाला, माझ्याकडं न बघता.

मी खिशात हात घातला.
मिटलेलीच टेबलावर ठेवली.
त्यानं आधी हात धोतराला पुसला,
मग उचलली.