गुणगुण

कुतैसीच्या जुन्या नाट्यगृहात
खेळाला तीन तास उरले असताना
स्पीकर गुणगुणू लागले. माइक सगळे बंद.

ओतियानं जाळीवर तळवा टेकवला.
"पन्नास हर्ट्झ," म्हणाला. "हा विजेचा सूर. आपला नाही."
कानांनी त्याला केव्हाच सोडलंय,
आम्ही जाणतो, बोलत नाही.

मिक्सरची पिन कॅफेच्या सॉकेटात,
अँप्लिफायरची रंगमंचामागे.
दोन अर्थिंग, दोन जमिनी, दोघींत किंचित अंतर,
आणि तेवढ्या अंतरावर
केबलच्या वेष्टणातून प्रवाह
बिनकामाच्या पाहुण्यासारखा येरझारा घालतोय.

त्सियाला पक्कड घेऊन आली,
अर्थिंगची पिनच उडवते म्हणाली.
तो ओरडला. असा मी त्याला एकदाच पाहिला.
"गुणगुण जाईल गं,
उद्या माइक धरणाराही जाईल!"

मग चाळीस मीटर वायर,
गुडघ्यांवर, खुर्च्यांखालून, कुणाच्या तरी
हरवलेल्या हातमोज्यावरून,
दोन्ही यंत्रं एका बोर्डावर.

नटी आरशासमोर पापण्या चिकटवत होती,
तिला काही कळलं नाही.

ओतियाचा हात अजून जाळीवरच.
"गेली?"
त्यानं हळूच मला विचारलं.