इतर हक्क

सोनांबेकर वकिलांनी चिठ्ठी दिली :
म्हसरूळ, प्लॉट नंबर चौदा, रो-हाउस, तीस वर्षांचा सर्च.
तीस वर्षं म्हणजे माझ्यासाठी
सूची दोनच्या हातानं लिहिलेल्या सात वह्या,
पुढचं सगळं संगणकात,
आणि मधली एक वही वाळवीच्या ताब्यात,
प्रत्यक्ष, शांततामय, विनातक्रार.

कोठावदे विकतायत, बागूल घेतायत.
जाहीर नोटीस पेपरात येऊन गेली,
पान सात, खाली, जुन्या सोफ्याच्या जाहिरातीशेजारी :
गहाण, दान, बोजा, वहिवाट, अन्नवस्त्र, पोटगी, वारसा,
कुणाचा काही असेल तर चौदा दिवसांत बोला,
अन्यथा तो सोडून दिला असे समजण्यात येईल.
कुणी बोललं नाही.
किती लोक बोलत नाहीत
यावर आमच्या धंद्याचं निम्मं चालतं.

एकोणीसशे शहाण्णव. बोट ओळीवर थांबलं.
हक्कसोड पत्र. मोबदला : निरंक, प्रेमापोटी.
लिहून देणार शकुंतला भ्र. विनायक कोठावदे,
वय एकोणतीस, धंदा घरकाम.
सोडलं ते सगळं. राखलं ते एवढंच :
मागची खोली, दहा बाय नऊ,
नळाचं पाणी, मोरी, जायला-यायला बोळ,
हयात असेपर्यंत,
आणि पुनर्विवाह न केल्यास.

सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात,
तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात
हे सगळं दोन शब्दांचं झालं होतं :
बोजा शकुंतला.

सीबीएसवरून बस धरली. रीतीत बसत नाही ते.
सर्च कागदाचा असतो, माणसाचा नव्हे.
पण 'हयात' हा शब्द वहीत तपासता येत नाही.

बोळाच्या तोंडाशी पाटी : पिको, फॉल, ब्लाउज.
मशीनच्या चाकावर हात ठेवून ती म्हणाली,
मीटरवाले का?
नाही, म्हणालो. तुम्ही आहात का, एवढंच बघायला आलोय.
आहे की, म्हणाली. चहा घ्या.

दिरानं सांगून ठेवलं होतं,
वहिनी, तुमचं काही राहिलं नाही, तुम्ही सही केलीय.
सही तिला आठवत होती.
तेराव्यानंतरचा सोमवार, डोळे सुजलेले,
शाईचं पॅड पुढे आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं,
अंगठा नको, सही येते यांना.
कशावर केली, ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मी खिशातून झेरॉक्स काढली. वाचली.
चतुःसीमाही वाचल्या, कारण ती म्हणाली, सगळं वाचा.
पूर्वेस कॉलनी रस्ता. दक्षिणेस प्लॉट तेरा.
पश्चिमेस नाला.
उत्तरेस भामरे यांचा द्राक्षमळा.
मळा गेला, ती म्हणाली, दवाखाना आहे तिथे, दुरुस्त करा.

'पुनर्विवाह न केल्यास' तिनं दोनदा वाचायला लावलं.
मग पदराला लागलेला दोरा काढत बसली.
मनमाडचं एक स्थळ आलं होतं, रेल्वेतलं.
दिरानंच आणलं होतं.
मी म्हणत होते, याला एकदम माझी एवढी काळजी कशी.

आणि त्या रकान्यात मला काय लिहिलंय म्हणालात?
बोजा.
तिनं पायडल एकदा मोकळंच दाबलं.
जाऊबाई तर रोज हेच म्हणते, ती म्हणाली,
तिनं कुठे वाचलं?

साक्षांकित प्रतीला किती पडतात, विचारलं,
आणि डब्यातून दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या.
मी घेतल्या. न घेणं तिला आवडलं नसतं.

परतीच्या बसमध्ये सोनांबेकरांचा फोन :
एका ओळीत सांग, क्लिअर आहे का?
बागूल थांबलेत, बँक थांबलीय.
मी राहतो ती खोली अकरा महिन्यांच्या करारावर,
माझं नाव कुठल्याच सूचीत सापडायचं नाही.
नाही सर, म्हणालो,
हयात आहे.