चौकटीची उंची

एकतीस वर्षं मी घरोघरच्या विजेचे आकडे लिहिले.
कुत्री पाठ झाली, कुंपणं पाठ झाली,
कोणाकडे रात्रभर दिवा जळतो तेही.
आता निवृत्तीत भाचीचं, झेनाइदाचं, यंत्र हाती घेऊन
भुतं मोजायला येतो. काटा तसाच थरथरतो,
बिल मात्र कोणाच्या नावे फाडायचं ते कळत नाही.

युफेमिया लुसेरोची खाणावळ,
रिओ ग्रांदेच्या कोरड्या पात्रापासून अर्ध्या मैलावर,
कच्च्या विटांची, दीडशे वर्षांची.
आधी टपालगाडीचा थांबा, मग मक्याचं कोठार,
आणि एक हिवाळा, म्हणे, प्रेतं ठेवायची जागा.
हे मेन्यूच्या मागच्या पानावर छापलंय,
एनचिलाडाच्या भावाखाली.
पर्यटक ते वाचतात आणि टिप जास्त ठेवतात.
"कुठंतरी पाणी मुरतंय," झेनाइदा म्हणाली.
मुरतच होतं:
नैऋत्य कोपऱ्यात, छपराच्या लाकडी पन्हाळीखाली,
भिंत गुडघाभर ओली.

रात्री अकराला शेवटचं गिऱ्हाईक गेलं.
आम्ही खुर्च्या उलट्या केल्या, दिवे मालवले, बसलो.

सात नंबरच्या टेबलावरचा काटा आपोआप सरकतो,
तो दोन चाळीसला सरकला.
त्याच क्षणी मागच्या खोलीतला जुना फ्रीज
हुडहुडी भरल्यासारखा थांबला.
तीनला भाजक्या मिरचीचा वास.
चूल थंड, कढया पालथ्या.
मी ओल्या भिंतीला नाक लावलं.
किती शरदांचा धूर त्या मातीनं गिळला असेल;
ओल चढली की ढेकर देते.
आणि यंत्राचा काटा खिडकीशी उडाला तो तारेमुळे.
गिलाव्याच्या आत कुणीतरी विसरलेली तार,
अजून जिवंत, जिच्या टोकाला आता दिवाच नाही.
ते मी लिहून घेतलं आणि थोडा वेळ
त्याच ओळीवर बोट ठेवून राहिलो.

झालं, म्हटलं. निघू या.

पण संध्याकाळी पाहिलेलं एक राहून राहून आठवत होतं.
रोमुला स्वयंपाकघरातून थाळ्या घेऊन येताना
दारात मान खाली घालत होती.
एलिसेओ, भांडी घासणारा, तोही.
अदान तर मार्चमध्ये लागलेला पोरगा,
अंगात वारं भरलेलं, कुणापुढे न वाकणारा,
त्या दारात मात्र वाकत होता.
"का रे?" विचारलं.
खांदे उडवून म्हणाला, "इथं सगळेच वाकतात."

युफेमियाला हसू आवरेना.
"पप्पांनी ती चौकट हातभर वर घेतली, माझ्या जन्माच्या आधी.
नेमेसिओ नावाचा आचारी होता, ताडासारखा.
दर आठवड्याला कपाळ फुटायचं.
ती खालची तुळई पाहिलेलं
आता इथं कुणीच नाही.
मी सुद्धा नाही."
बोलता बोलता ती आत गेली,
त्याच दारातून,
वाकून.

मी टेप काढली. मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही,
ही नोकरीची खोड.
जमिनीपासून आजची तुळई: सहा फूट नऊ इंच.
भिंतीत बुजवलेली जुनी खाच, चाचपून: पाच फूट दोन.
अर्जावर दोनच चौकोन होते, आढळले, नाही आढळले.
मी समासात लिहिलं:
फरक एक फूट सात इंच. वापर चालू आहे.

पहाटे युफेमियानं पैशांऐवजी
पोसोलेचा डबा दिला, कपड्यात बांधून, गरम.
सामान उचलून त्याच दारातून निघालो.
मी वाकलो. मला ठाऊक असूनही वाकलो.
मागं वळून पाहिलं.

झेनाइदाची उंची चार फूट अकरा.
तीही वाकली.